घाटात घोडे मोजत नाहीत

माझा भाचा हिंजवडीत नोकरी करतो. वय सत्तावीस, गाडीसाठी पाच लाख बाजूला काढलेले, लग्न अजून ठरलेलं नाही. म्हणजे हौसेची गाडी घ्यायची असेल तर हीच वेळ. मागच्या महिन्यात तो एक कागद घेऊन घरी आला. कागदावर चार रकाने आखले होते. पहिल्यात गाडीचं नाव, दुसऱ्यात जुन्या बाजारातली किंमत, तिसऱ्यात बीएचपी आणि चौथ्यात भागाकार: एका लाखाला किती घोडे पडतात. सगळ्यात वर टाटा टियागो जेटीपी, तिच्या पाठोपाठ फियाटची पुंटो अबार्थ, मग पोलो जीटी टीएसआय, मग बलेनो आरएस. स्विफ्ट तळाशी, तीही कुणीतरी सुचवली म्हणून नाइलाजानं लिहिलेली.

“मामा, यात वाद घालण्यासारखं काही नाही. गणित आहे हे.”

गणित आहे म्हणूनच वाद घालायचा. बेरीज चुकली असती तर खोडरबरानं भागलं असतं. इथे बेरीज बरोबर आहे आणि मोजलेली वस्तूच चुकीची आहे. हा भागाकार एकट्या भाच्याचा नाही. परवडणारी, जुनी, जराशी तिखट छोटी गाडी शोधणारी पुण्या-मुंबईतली निम्मी पोरं हाच हिशोब डोक्यात घेऊन फिरतात, आणि त्यांना सल्ला देणारेही त्याच फूटपट्टीनं सल्ला देतात.

आधी त्यांची बाजू पुरती मांडतो. अबार्थ ऑक्टोबर २०१५ मध्ये ९.९५ लाखांना आली. १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ बीएचपी, चारही चाकांना डिस्क ब्रेक. त्या काळात त्या पैशात इतकी ताकद दुसरं कुणी देत नव्हतं. पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये ७.९९ लाखांना आली होती. आज या गाड्या त्याच्या अर्ध्या किमतीच्या आसपास फिरतात. पहिल्या मालकानं घसारा सोसला, मजा दुसऱ्याच्या वाट्याला आली. शिवाय या गाड्या आता बनत नाहीत. फियाटनं २०१९ मध्ये इथला गाड्यांचा गाशा गुंडाळला, जेटीपीचा प्रयोग २०२० मध्ये संपला, पोलो २०२२ मध्ये थांबली. आत्ता घेतली नाही तर कधीच नाही, हा युक्तिवाद भावनेचा असला तरी खोटा नाही. मलाही तो टोचतो.

पण मग एक प्रश्न उरतो. लाखाला इतके घोडे पडतात, तरी बाजार त्या गाड्यांवर तुटून का पडत नाही? जुन्या गाड्यांचे एजंट काही संत नाहीत. ज्या गाडीवर चार पैसे जास्त मिळतील ती गाडी ते लपवून ठेवत नाहीत. तीन वर्षं जुनी स्विफ्ट दारात उभी राहिली की तिला दुपारपर्यंत गिऱ्हाईक मिळतं, आणि तिच्याहून जास्त बीएचपीची गाडी मात्र पावसाळाभर ताडपत्रीखाली पडून राहते. याचं कारण सरळ आहे. पुढच्या चार वर्षांत त्या गाडीवर होणारा खर्च बाजारानं आजच किमतीतून वजा केलेला असतो. भाच्याच्या कागदावर जे स्वस्त घोडे दिसतात ते कुणीतरी न भरलेलं बिल आहे. ते बिल गाडीसोबत येतं. फक्त आरसी बुकात त्याची नोंद नसते.

म्हणजे भागाकारातला खालचा आकडा चुकला. गाडीची किंमत म्हणजे एजंटला मोजलेली रक्कम, हे गृहीतक नव्या गाडीबाबत थोडंफार चालतं. दहा वर्षांच्या टर्बो गाडीबाबत ते अजिबात चालत नाही.

पोलो जीटी टीएसआयचंच घ्या, कारण भाच्याचं मन खरं तर तिच्यावर बसलं होतं. चाकणला बनलेली गाडी, दणकट पत्रा, दार लावलं की तिजोरी बंद केल्यासारखा आवाज. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क, तोही पंधराशे आरपीएमपासून. इंजिनाबद्दल माझी तक्रार नाही. पण २०२० पूर्वीची जीटी टीएसआय फक्त एकाच गिअरबॉक्ससोबत मिळायची: सात गिअरांचा डीएसजी. त्यात क्लच दोन, आणि दोन्ही कोरडे. एक विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. एका गिअरमध्ये गाडी पळत असताना पुढचा गिअर आधीच जोडून ठेवलेला असतो, त्यामुळे गिअर बदललेला कळतही नाही. मोकळ्या रस्त्यावर याच्यासारखं सुख नाही.

आता ही गाडी संध्याकाळी सहा वाजता हिंजवडीहून वाकडकडे काढा. दोन फूट पुढे, थांबा. तीन फूट पुढे, थांबा. आपण साध्या गाडीत अर्ध्या क्लचवर गाडी सरकवत राहिलो की ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर ओरडायचे, “क्लच प्लेट जाळशील!” डीएसजीत तेच काम संगणक करतो, आणि त्याच्यावर ओरडायला कुणी नसतं. कोरडा क्लच म्हणजे उष्णता वाहून न्यायला तेल नाही. वर उन्हाळा, एसी सुरू, आणि रोजचे दीड तास. क्लच झिजतात, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांना हुकूम देणारा मेकॅट्रॉनिक नावाचा भाग रुसतो. हायड्रॉलिक आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र बांधलेला हा डबा. तो रुसला की सम किंवा विषम गिअर एकदम गायब होतात, आणि दुरुस्तीचा आकडा सहज लाखाच्या पुढे जातो. ही काही माझ्या कानावर आलेली अफवा नाही; याच गिअरबॉक्सपायी कंपनीला जगभर गाड्या परत बोलवाव्या लागल्या आहेत. पाच लाखांच्या गाडीवर लाखाचा गिअरबॉक्स. भाच्याच्या चौथ्या रकान्यात हा लाख कुठे आहे?

यावर नेहमीचं उत्तर येतं: “सगळ्यांचा जात नाही.” खरं आहे. सगळ्यांचा जात नाही. पण ज्यांचा जाणार असं वाटतं, तेच गाडी विकायला काढतात. जुन्या बाजारात गाडी येते ती लॉटरीतून निघत नाही, मालकाच्या मनातल्या भीतीतून निघते.

आता वरचा आकडा. बीएचपी किती आहेत हे विचारण्याआधी ते किती वजन ओढतात हे विचारायला हवं. तिसऱ्या पिढीची, म्हणजे २०१८ नंतरची पेट्रोल स्विफ्ट ८३ पीएसची, पण वजन साधारण ८७० किलो. पोलो जीटी टीएसआय १०५ पीएसची, पण वजन ११०० किलोंच्या आसपास. टनामागे हिशोब करून पाहा. दोन्हींचा आकडा पंच्याण्णवच्या जवळपास येतो. ज्या दोन गाड्यांमध्ये कागदावर २२ घोड्यांचं अंतर होतं, त्यांच्यात वजन धरल्यावर काही उरत नाही.

इथे प्रतिपक्ष उसळून म्हणेल की टॉर्कचं काय? आणि तो बरोबर म्हणेल. पोलोचे १७५ न्यूटन मीटर पंधराशेला मिळतात, स्विफ्टचे ११३ चार हजारांच्या पुढे. चौथ्या गिअरमध्ये ट्रकमागे अडकलात आणि ओव्हरटेक करायचा असला, तर पोलो नुसती दाबली की निघते. स्विफ्टला दोन गिअर खाली आणावं लागतं. आपल्याकडे ज्याला ‘पिकअप’ म्हणतात तो हाच. हे मी कबूल करतो, आणि रोज कोल्हापूर-पुणे करणाऱ्या माणसाला मी टर्बोच सांगेन. पण तिखट गाडी म्हणजे गिअर न बदलता निघणारी गाडी, हे कुणी ठरवलं? दोन गिअर खाली आणणं, इंजिन किंचाळत चार-पाच हजारांवर नेणं, यासाठीच तर आपण ही गाडी घेतो ना?

आणि ही ताकद वापरायची कुठे? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला वेगमर्यादा शंभर, बोरघाटात साठ, वर आता कॅमेरे. अबार्थ शून्य ते शंभर नऊ सेकंदांच्या आत जाते, टियागो जेटीपी दहाच्या आत, असं कंपन्यांनी सांगितलं होतं. जाते असेल. गेल्यावर पुढे काय करायचं? शंभरला पोहोचलात की त्या रस्त्यावर तुमची शर्यत संपली, आणि दंडाचा मेसेज यायला सुरुवात झाली.

आपल्याकडे गाडी चालवण्याचा खरा आनंद घाटात आहे. मुळशी ओलांडून ताम्हिणी उतरताना, भोरहून वरंध्यात, वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला जाताना. तिथे वेग किती असतो? तीस, चाळीस, फार तर पंचावन्न. गिअर दुसरा-तिसरा. समोरून एसटी येते, वळणावर गुरं असतात, पावसाळ्यात दरडीची माती पसरलेली असते. इथे १४५ घोड्यांतले निम्मे तबेल्यातच राहतात. इथे कामाला येतं ते स्टिअरिंग, जे सांगतं की पुढच्या चाकाखाली वाळू आहे. ब्रेक, जे पन्नासाव्या वळणावर विसावत नाहीत. आणि हलकं शरीर, जे डावीकडून उजवीकडे झोकताना मागे रेंगाळत नाही. घाटात घोडे कुणी मोजत नाही. गाडी तुमचं ऐकते की नाही, एवढंच तिथे कळतं.

याच निकषावर मी अबार्थच्या बाजूनेही बोलतो, नाहीतर अन्याय होईल. पुंटोचं हायड्रॉलिक स्टिअरिंग आजच्या कुठल्याही नव्या छोट्या गाडीत नाही. हातात रस्ता येतो असं म्हणतात ते खऱ्या अर्थानं तिच्यात येतं. रांजणगावच्या महागणपतीच्या शेजारी बनलेली ही गाडी घाटात उतरली की दहा वर्षं तरुण होते. भाच्याला मी तीच नको म्हणालो, तर माझी जीभ जड झाली होती हे सांगायला हवं. पण अबार्थचं ते टर्बो इंजिन इथे विकल्या गेलेल्या मोजक्याच गाड्यांत होतं. बहुतेक गॅरेजवाल्यांनी ते उघडलेलं नाही.

आणि इथे मला दुसऱ्या टोकाच्या लोकांशीही भांडायचं आहे. “फियाट? फोर्ड? बंद पडलेली कंपनी! भंगार घेशील का?” असं म्हणणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांचं म्हणणंही तितकंच आळशी आहे. कंपनी गेली म्हणून गाडी मरत नाही; तिचे अवयव दुसऱ्या कुठल्या गाडीत जिवंत आहेत का, हे पाहावं लागतं. त्याच पुंटोचं १.३ मल्टिजेट डिझेल घ्या. ९० घोड्यांचं तेच इंजिन मारुतीच्या एसएक्स४, अर्टिगा आणि सियाझमध्ये होतं. भोसरीतला कुठलाही मेकॅनिक ते डोळे मिटून उघडतो. फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, पण २०१५ नंतरच्या फिगोचं १०० पीएसचं दीड लिटर डिझेल इकोस्पोर्टमध्येही होतं, आणि ते रस्त्यावर भरपूर आहे. उलट बलेनो आरएस चालू कंपनीची, पण तिचं एक लिटरचं टर्बो इंजिन जपानहून यायचं, आणि तीन वर्षांत, जानेवारी २०२० मध्ये ती बंद झाली. चालू कंपनीची अनाथ गाडी, आणि बंद कंपनीची नातेवाईक असलेली गाडी. दोन्हींत मी दुसरी घेईन.

(जाता जाता: सचिन तेंडुलकर जिची जाहिरात करायचा ती फियाट पालिओ २००१ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यात बनू लागली. तिचं १.६ मॉडेल त्या काळची सगळ्यात तिखट छोटी गाडी होती, आणि पेट्रोल पिण्यातही कुणाला ऐकायची नाही. आज तिचे सुटे भाग शोधणाऱ्यांनाही शेवटी कुर्ल्यालाच जावं लागतं, फक्त कारखान्याऐवजी भंगाराच्या दुकानांत.)

सुट्या भागांची वाट पाहणं म्हणजे काय, हे मी स्वतः भोगलं आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक टर्बो हॅचबॅक होती. कंपनीचं नाव घेत नाही. इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवरचा एक प्लास्टिकचा जोड तुटला. किंमत हजार-दीड हजार. तो यायला सव्वा महिना लागला. तेवढे दिवस माझी शंभरावर घोड्यांची गाडी वर्कशॉपच्या कोपऱ्यात धूळ खात होती आणि मी पीएमपीच्या बसला लटकत होतो. त्या दिवसांत माझ्याकडे लाखाला किती घोडे पडत होते, याचा हिशोब भाच्याला करून दाखवला. शून्य.

काकांचा दुसरा सल्लाही निकालात काढू: “त्यापेक्षा नवीच घे.” याला हल्ली वजन आलं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बाराशे सीसीपर्यंतच्या छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, उपकरही गेला. पण पाच लाखांत नवी गाडी म्हणजे सगळ्यात खालचं मॉडेल आणि वर हप्ते, तेही अशा गाडीचे, जिच्याकडे रविवारी सकाळी वळूनही बघावंसं वाटत नाही. शिवाय काही गोष्टी नव्यात उरलेल्याच नाहीत. मे २०२४ मध्ये आलेल्या नव्या स्विफ्टला तीन सिलिंडरचं इंजिन आहे. आधीच्या स्विफ्टचं चार सिलिंडरचं गुळगुळीत फिरणारं इंजिन स्विफ्टमध्येच हवं असेल, तर आता जुनीच स्विफ्ट घ्यावी लागते.

तेव्हा शेवटी काय? पाच लाखांच्या आत माझं मत तिसऱ्या पिढीच्या मॅन्युअल स्विफ्टला. २०२१ मध्ये तिला ९० पीएसचं सुधारलेलं इंजिन मिळालं. ती पाच लाखांत बसली तर दुसरा विचार नको. रोज ऐंशी-शंभर किलोमीटर चालणार असेल तर फिगोचं दीड लिटर डिझेल. आणि वर्षभर थांबून आणखी दीड-दोन लाख जमवायची तयारी असेल, तर २०२० ते २०२२ मधली १.० टीएसआय पोलो, सहा गिअरांची मॅन्युअल. ११० पीएस आहे, डीएसजीची धास्ती नाही, आणि तिच्या इंजिनाचे भाऊबंद आजच्या व्हर्टस आणि टायगुनमध्ये धावतात. बघा, शेवटी मीही टर्बोला शरण गेलो. फक्त त्या टर्बोला, जिचे नातेवाईक गावात राहतात.

गाडी ठरली तरी काम संपलेलं नाही. तिखट गाडी शक्यतो तिखट माणसाकडेच राहिलेली असते. तिसऱ्या मालकाची गाडी असेल आणि एक्झॉस्टचा आवाज जरा जास्तच खणखणीत असेल, तर इंजिनाच्या संगणकाला ‘रीमॅप’ केलं आहे का, हे सरळ विचारा. मूळ रचनेत बदल केलेली गाडी चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे, आणि अपघात झाल्यावर विमा कंपनी हे आवर्जून आठवते. टायरवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. गाडी २०१८ ची आणि टायरही २०१८ चेच असतील, तर ते बदलायचे पैसे किमतीतून आताच कापून घ्या. कोकण पासिंगची गाडी असेल तर खाली वाकून पत्रा बघा. खाऱ्या हवेनं चेसिसचे सांधे आतून खाल्लेले असतात, वरचा रंग काही सांगत नाही. २०२३ च्या आधीची पेट्रोल गाडी असेल तर इंधनाच्या रबरी नळ्याही बघून घ्या. त्या वेळी गाड्या दहा टक्के इथेनॉल धरून बनायच्या, आता पंपावर वीस टक्के मिसळलेलं मिळतं. कर्जाचा बोजा आणि थकलेले चलान तर आधीच तपासायचे, ते वेगळं सांगायला नको.

आणि एक गोष्ट भागाकारवाले कधीच करत नाहीत. पाच लाखांतले चाळीस हजार गाडीवर घालवू नका. ते चार चांगले टायर, पुढचे-मागचे शॉकअप, खालचे बुश आणि ब्रेक पॅड यांच्यासाठी ठेवा. साठ हजार किलोमीटर चाललेली स्विफ्ट हे काम केल्यावर घाटात जशी वळते, तशी जुने शॉकअप आणि कडक झालेले टायर घेऊन फिरणारी कुठलीही दीडशे बीएचपीची गाडी वळत नाही. हा माझा अंदाज नाही, मी दोन्ही चालवल्या आहेत.

भाच्यानं तीन आठवडे माझ्याशी अबोला धरला. मागच्या रविवारी त्याचा ताम्हिणीहून फोन आला. पांढरी स्विफ्ट, २०१९ ची, पुणे पासिंग, एकाच मालकाची. शॉकअप आणि टायर शनिवारी बदलून घेतले होते. “मामा, हिचं गिअर बदलणं भारी आहे,” एवढंच म्हणाला. बीएचपी किती, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

तुम्ही अशी गाडी शोधत असाल तर एक विनंती आहे. मालकाला फोन लावण्याआधी आपल्या गॅरेजवाल्याला लावा, गाडीचं नाव सांगा, आणि तो पलीकडून किती वेळ गप्प राहतो ते ऐका.